पाटावरचा हत्ती

इंग्लंडात वॉरिंग्टन नावाचं गाव आहे. एका अंगाला लिव्हरपूल, दुसऱ्या अंगाला मँचेस्टर. दोन भांडकुदळ भावांच्या घरांमधली सामायिक भिंत जशी दोन्हीकडचे टोमणे खात उभी असते, तसं हे गाव उभं आहे. इथल्या पबांची एक डार्ट्स लीग आहे. तिचं वेळापत्रक गेली चार वर्षं मी लावतो.

हे पद मला माझ्या खेळामुळंच मिळालं. पहिल्या वर्षी मी संघातून खेळलो तेव्हा माझे बाण फळ्यापेक्षा भिंतीत जास्त रुतले. एक तर पबमालकिणीच्या दिवंगत कुत्र्याच्या तसबिरीला लागला. काच फुटली नाही, पण पब असा गप्प झाला की पाठीमागच्या फ्रिजची घरघर ऐकू यायला लागली. कॅप्टननं मला बाजूला घेतलं, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "मेट, तू हिशेबाला बरा दिसतोस." माझ्या हिशेबाचा त्याच्याकडं पुरावा एवढाच, की मी भारतीय होतो आणि मला चष्मा होता. वार्षिक सभेत मला एकमतानं फिक्स्चर सेक्रेटरी करण्यात आलं. जुना सेक्रेटरी दोन्ही हातांनी माझा हात धरून बराच वेळ हलवत राहिला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. ते कशाचं, हे मला सप्टेंबरात कळलं.

घरी फोन करून बाबांना बातमी दिली. बाबांनी जन्मभर क्रिकेट पाहिलंय. पलीकडं थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग दबक्या सुरात, "अरे, फिक्सिंग? आणि त्याला सेक्रेटरी नेमतात? उघड उघड?"

ज्यांनी डार्ट्स पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. हा कर्ज फेडण्याचा खेळ आहे. सुरुवातीलाच तुमच्या नावावर ५०१ गुणांचं कर्ज चढतं. पाळीला तीन बाण. जेवढे गुण पडतील तेवढं कर्ज उतरतं. पण शेवटचा हप्ता नेमका भरायचा, आणि तोही फळ्याच्या कडेच्या दुपटीच्या कड्यात, नाहीतर ऐन मध्यबिंदूत. एक रुपयासुद्धा जास्त भरलात तर ती अख्खी पाळी रद्द. गृहकर्ज काढलेल्या कुठल्याही मराठी माणसाला हा खेळ शिकवावा लागत नाही. फळ्याचं केंद्र जमिनीपासून १.७३ मीटर उंचीवर, आणि फेकणाऱ्यानं २.३७ मीटर लांब उभं राहायचं. अंतर दिसायला एवढुसं. आमच्या जुन्या घरात स्वयंपाकघरापासून देवघर याहून लांब होतं.

फळ्यावर १ ते २० आकडे गोलात लिहिलेले असतात, पण ओळीनं नव्हे. ज्यानं ते लावले तो माणूस खवचट असला पाहिजे. सगळ्यात वर २० आणि त्याच्या एका बाजूला १, दुसऱ्या बाजूला ५. वीसचा लोभ धरलात आणि बाण बोटभर सरकला, की पदरात एक नाहीतर पाच. एक बाण विसात, एक पाचात, एक एकात, मिळून २६. या गुणसंख्येला इथं 'बेड अँड ब्रेकफास्ट' म्हणतात, कारण एके काळी रात्रीची खोली आणि सकाळचा नाश्ता दोन शिलिंग सहा पेन्सला मिळायचा म्हणे. शेवटी दोनच गुण उरले तर दुहेरी एक मारावा लागतो. त्या घराचं नाव 'मॅडहाउस', वेड्यांचं इस्पितळ. मी तिथं एकदा अकरा पाळ्या मुक्कामाला होतो.

वेळापत्रकाचं काम हातात आलं तेव्हा कळलं, की तेही याच खवचट माणसाच्या घराण्यातलं आहे. एका संघाची अडचण सोडवायला नेम धरावा, तर बाण शेजारच्या दोघांना लागतो.

त्यात आमच्या गावात ल्यूक लिटलर निघाला. सोळाव्या वर्षी, जानेवारी २०२४ मध्ये, हा पोरगा जागतिक स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पोचला. पुढच्याच जानेवारीत मायकल व्हॅन गेरवेनला ७-३ असं हरवून तो सतराव्या वर्षी जगज्जेता झाला. सांगलीत जन्मलेल्या कुठल्याही पोराला आपण गवई व्हायला हवं होतं असं जसं एकदा तरी वाटतं, तसं वॉरिंग्टनच्या प्रत्येक बापाला अचानक आपल्या मनगटाचं महत्त्व पटलं. पन्नाशीच्या पुढचे, गुडघ्याला पट्टा बांधणारे गृहस्थ नवीन बाण घेऊन पबात यायला लागले. आमचे नऊ संघ होते, त्याचे दहा झाले. सभेत सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. दहा ही सम संख्या आहे, आता कुणाला रिकामं बसवायला नको, एवढाच माझा निष्पाप विचार होता.

दहा संघ. प्रत्येकानं प्रत्येकाशी एकदा स्वतःच्या पबात आणि एकदा दुसऱ्याच्या पबात खेळायचं. म्हणजे ९० सामने, मंगळवारी पाच, म्हणजे १८ मंगळवार. हंगाम सप्टेंबर ते एप्रिल, तीसेक मंगळवारांचा. साखरपुडा झाल्यावर 'लग्नाला अजून आठ महिने आहेत' म्हणणाऱ्या वधूपित्यासारखा मी निर्धास्त होतो.

लावायची रीत जुनी आणि सोपी आहे. एक संघ मधोमध बसवायचा. बाकीच्या नऊ जणांनी त्याच्याभोवती गोल करायचा, एकाची जोडी मधल्याशी आणि उरलेल्यांच्या समोरासमोर लावायच्या. दर आठवड्याला नऊ जणांनी एक घर पुढं सरकायचं, बसलेल्यानं हलायचं नाही. नऊ आठवड्यांत प्रत्येकाची प्रत्येकाशी गाठ पडते. मी कागदावर हे रेखाटलं आणि बघतच राहिलो. हा तर भोंडला!

साताऱ्याला आजीच्या अंगणात आश्विनात भोंडला असायचा. मधोमध पाट, पाटावर तांदळानं काढलेला हत्ती, आणि भोवती फेर धरलेल्या मुली. आम्हा मुलांना फेरात मज्जाव. आम्ही कंपाउंडच्या भिंतीवर माकडांसारखे बसून एकाच गोष्टीची वाट बघायचो, खिरापतीची. झाकलेला डबा यायचा, तो कानाशी हलवून आत काय आहे ते ओळखायचं, आणि न ओळखता आलं तरी खायचं. आता माझ्या कागदावर मधला संघ म्हणजे हत्ती आणि बाकी नऊ पबांतले पोट सुटलेले इसम फेर धरून सरकताहेत, हे चित्र डोळ्यांसमोर आलं आणि पुढं कित्येक दिवस एका विशिष्ट कॅप्टनकडं गंभीरपणे बघणं मला जमेना.

योगायोग असा, की या जातीच्या कोड्यांचा एक मूळपुरुष आमच्याच शिवारातला. वॉरिंग्टनला लागून क्रॉफ्ट नावाचं खेडं आहे. तिथं थॉमस किर्कमन हा पाद्री पन्नासहून अधिक वर्षं होता. १८५० मध्ये त्यानं एक कोडं छापलं. शाळेतल्या १५ मुली तिघी-तिघींच्या रांगा करून रोज फिरायला जातात. सात दिवस त्यांना असं न्या, की कुठल्याही दोघी एकाच रांगेत दोनदा येणार नाहीत. कोडं गाजलं. पण त्यामागचं गणित त्यानं १८४७ मध्येच मांडलं होतं, आणि पुढं त्या रचनांना नाव मिळालं ते याकोब श्टायनर या स्विस गणितज्ञाचं, ज्यानं सहा वर्षांनी तोच प्रश्न विचारला. मांडव घालणारा एक आणि अक्षता दुसऱ्याच्या डोक्यावर. सेक्रेटरी झाल्यापासून मला किर्कमनबद्दल फार आपुलकी वाटते. फक्त एक शंका आहे. त्याच्या १५ मुलींपैकी एकीनंही 'मंगळवारी आमच्याकडं क्विझ नाइट आहे' असं कसं म्हटलं नाही?

गणितानं माझा आणखी एक भ्रम फोडला. प्रत्येक संघाला एक सामना घरी, एक बाहेर, असा आलटून पालटून क्रम हवा असतो. असा चोख क्रम दोनच प्रकारचा: घरून सुरू होणारा आणि बाहेरून सुरू होणारा. आता एकच क्रम असलेले दोन संघ कधी भेटणारच नाहीत, कारण दोघंही एकाच दिवशी घरी आणि एकाच दिवशी बाहेर. म्हणजे चोख क्रम फार तर दोन संघांना मिळू शकतो. उरलेल्या आठांना त्या फेरीत कधी ना कधी लागोपाठ दोनदा घरी नाहीतर दोनदा बाहेर जावंच लागणार. थोडक्यात, दहापैकी आठ कॅप्टन माझ्यावर चिडणार हे सिद्ध झालेलं आहे. मी ही सिद्धता छापून सभेत वाटली. आठ कॅप्टन म्हणाले, ठीक आहे, पण त्या आठांत आम्ही कसे?

आता संघांकडं येऊ. पबांची नावं सांगत नाही, मला अजून इथंच राहायचं आहे. चर्चसमोरच्या पबात दोन संघ, पण फळा एक. म्हणजे 'अ' घरी तर 'ब' बाहेरच हवा. शिवाय अ आणि ब यांचा आपसातला सामना फेरीच्या सुरुवातीलाच लावायचा, कारण शेवटी लावला आणि एकाला गुण हवे असले, तर दुसऱ्याच्या बाणांना अचानक बंधुप्रेमाचं भरतं येतं. कालव्याकाठच्या पबात महिन्याच्या पहिल्या मंगळवारी लोकगीतवाले येतात. त्यांच्या अकॉर्डियनवाल्याची पाठ नेमकी फळ्याला लागून असते. स्टेशनजवळच्या पबातले तिघं जण एकाच कारखान्यात पाळीवर, आणि त्यांच्या पाळ्या कारखाना नव्हे, ग्रहमान ठरवतं. टेकडीवरच्या पबाचा कॅप्टन आपल्या सासूला मंगळवारी नाचाच्या क्लासला सोडतो. "मग दुसऱ्या कुणाला सोडायला सांग," असं मी म्हणालो. तो माझ्याकडं करुणेनं बघत म्हणाला, "तू तिला भेटला नाहीस."

त्यात फुटबॉल. गावातले निम्मे लोक लिव्हरपूलचे, निम्मे मँचेस्टर युनायटेडचे. दोघांचाही रंग लाल, पण एका लालाला दुसऱ्याचा लाल लाल वाटत नाही. युरोपातले मोठे सामने बहुतेक मंगळवारी नाहीतर बुधवारी. लिव्हरपूलचा सामना मंगळवारी असला तर निम्मी लीग फळ्याकडं पाठ करून टीव्हीसमोर, आणि उरलेली निम्मी लिव्हरपूल हरावं म्हणून त्याच टीव्हीसमोर. हे सामने कधी आहेत ते माझं वेळापत्रक छापून झाल्यावर कळतं. शिवाय गाव स्वतःला मानतं रग्बीचं, त्याची वेगळी पंचांगं. डिसेंबरात लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमध्ये जागतिक डार्ट्स सुरू होतं. तेव्हा डार्ट्स बघायचं असल्यामुळं कुणालाच डार्ट्स खेळायला वेळ नसतो. आणि पॅनकेक मंगळवार. ईस्टरच्या उपवासांआधी लोक पोटभर पॅनकेक खातात तो दिवस. तो दरवर्षी मंगळवारीच येतो. नावातच मंगळवार आहे. तरीही पहिल्या वर्षी मी त्या दिवशी सामने लावले, आणि सगळ्या पबांतून मला आलेल्या फोनांची भाषा पवित्र सणाला शोभणारी नव्हती.

या सगळ्यांना मी ठामपणे सांगत असे, की नियम म्हणजे नियम. सामना पुढं ढकलायचा तर सात दिवस आधी कळवायचं, आणि कारण 'अपरिहार्य' हवं. माझा हा करारी बाणा जेमतेम वर्षभर टिकला. मोडला तो आईच्या फोननं.

"अरे, येत्या मंगळवारी अंगारकी आहे. लक्षात आहे ना?"

नव्हती. मंगळवारी येणारी संकष्टी म्हणजे अंगारकी, आणि मी लहानपणापासून ती करत आलो आहे. आणि त्याच मंगळवारी आमचा सामना होता, टेकडीवरच्या संघाशी, सासूवाल्या कॅप्टनशी, ज्याला मी आदल्याच आठवड्यात नियम वाचून दाखवला होता. मी दोन दिवस गुपचूप वेळापत्रक उलटसुलट करून पाहिलं. शेवटी नाइलाजानं त्याला फोन केला.

"कारण काय?" त्यानं विचारलं. त्याच्या आवाजातला आनंद लपत नव्हता.

"उपास आहे. चंद्र उगवल्यावर सुटतो."

"चंद्र किती वाजता?"

वॉरिंग्टनचा चंद्रोदय मी पाहून ठेवला होता. आठ वाजून काही मिनिटं.

"मग ये की," तो म्हणाला. "सामना साडेआठला."

गेलो. आठ वाजता अख्खा टेकडीवरचा संघ पबाच्या अंगणात हातात ग्लास घेऊन आकाशाकडं तोंड करून उभा. इंग्लंडचं आकाश. चंद्र सोडा, टेकडीखालचं चर्च दिसत नव्हतं. कुणी म्हणालं, तो बघ. तो सुपरमार्केटचा दिवा निघाला. अखेर मालकीणबाईंनी घड्याळ बघून निकाल दिला, "लव्ह, वर तो आहेच, ढगांची चूक त्याच्या माथी नको. जेव." आणि माझ्यासाठी वेगळी काढलेली चीज-कांद्याची पाई पुढं केली. कांदा बघून मी घुटमळलो. उपास कांद्यावर सोडल्याचं आईला काय सांगणार? मग खिशातल्या डबीतला मोदक आधी तोंडात टाकला, नैवेद्य मनातल्या मनात दाखवला, आणि पाईवर तुटून पडलो. त्या रात्री माझा एकही बाण भिंतीला लागला नाही. बाप्पाचं काही सांगता येत नाही. दुसऱ्या दिवसापासून मात्र लीगमध्ये नवा वाक्प्रचार रुजला. कुणाला सामना पुढं ढकलायचा असला की तो मला सांगतो, "मेट, मंगळवारी आमची अंगारकी आहे." मी पुढं काही विचारत नाही. नियमावलीतला 'अपरिहार्य' हा शब्द आता फक्त शोभेला आहे.

इथल्या सामन्याचा आत्मा म्हणजे मध्यंतरातलं खाणं. यजमान पबानं पाहुण्या संघाला जेवू घालायचं, ही रीत. त्रिकोणी सँडविचं, पाई, मटाराचा घट्ट लगदा, लाल कोबीचं लोणचं, कधी पावात कोंबलेल्या बटाट्याच्या चिप्स, म्हणजे आपल्या वडापावाचा मसाला विसरलेला चुलतभाऊ. गुणतक्ता कुणी बघत नाही, पण कुठल्या पबात काय मिळतं हे सगळ्यांना पाठ. मी एकदा त्यांना खिरापतीची गोष्ट सांगितली. झाकलेला डबा, हलवून ओळखायचं. सगळ्यांत जास्त रस घेतला तो कालव्याकाठच्या मालकीणबाईंनी. पुढच्या सामन्याला त्या फॉइलनं झाकलेली परात घेऊन आल्या आणि ओळखल्याशिवाय कुणाला हात लावू देईनात. आत मांस-बटाट्याची पाई होती. दर वेळी तीच असते. तरीही लोक दर वेळी परात हलवायचे, कान लावायचे आणि गंभीरपणे सांगायचे, "मासे."

गेल्या वर्षी फेब्रुवारीत हा कालव्याकाठचा पब बंद पडला. विजेचं बिल, भाडं, कमी होत गेलेली गिऱ्हाइकं, सगळं एकदमच आलं. फळा उतरवला तेव्हा मागची भिंत तेवढीच गोल आणि स्वच्छ दिसत होती, आणि गोलाभोवती भोकंच भोकं. त्यातली काही माझी होती. मालकीणबाईंनी मला फोन करून विचारलं, "वेळापत्रकाची फार पंचाईत झाली का रे, लव्ह?"

यंदा पुन्हा नऊ संघ. विषम संख्येला उपाय एकच, एक खोटा संघ घ्यायचा, 'बाय' नावाचा. ज्याची गाठ बायशी, तो त्या मंगळवारी रिकामा. भोंडल्याच्या आकृतीत या बायला कुठं बसवायचं? मधोमध. तो हलणार नाही, खेळणार नाही, त्याच्याभोवती बाकीचे फिरणार. पेन्सिलीनं त्या जागी 'बाय' लिहिलं आणि हसू आलं. आजीच्या पाटावरचा हत्तीही काही खरा नव्हता. तांदळाचाच होता. फेर मात्र त्याच्याशिवाय झाला नसता.

सप्टेंबरच्या पहिल्या मंगळवारी बाय होती टेकडीवरच्या संघाला. कॅप्टनला म्हटलं, आराम कर, सासूबाईंना नाचाला सोड. रात्री नऊला त्याचा फोन आला, मागं नेहमीचा गोंधळ. कालव्याकाठच्या बंद पडलेल्या संघातली पाच-सहा माणसं फिरत फिरत तिथं पोचली होती. घरी बसवत नव्हतं म्हणून. बरोबर त्यांच्या मालकीणबाई, फॉइलनं झाकलेली परात घेऊन. सामना झाला. गुण कुठं नोंदायचे, एवढंच त्याला विचारायचं होतं. कुठंच नाही, मी म्हणालो. तेव्हापासून दर मंगळवारी ज्याला बाय असते त्याच्याकडं ही मंडळी जातात. तक्त्यात त्यांचं नाव नाही, गुण नाहीत. परात मात्र आहे. रिकामा मंगळवार मिळाला म्हणून पूर्वी कॅप्टन माझ्याशी भांडायचे. आता आपली बाय कधी, हे विचारायला फोन करतात.

काल चर्चसमोरच्या 'ब' संघाच्या कॅप्टनचा फोन आला. आवाज अगदी पडलेला.

"मेट, पुढच्या मंगळवारी आमची अंगारकी आहे."

"सामना कुणाशी आहे तुमचा?"

"बायशी. पुढं ढकलता येईल का?"

मी चष्मा पुसला आणि मोकळा मंगळवार शोधायला लागलो.